व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओचा स्पीकर गायब आहे? नवा बसवायचा कसा, अगदी पहिल्यापासून

जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ हाती लागला, लाकडी कॅबिनेट छान, काच शाबूत, व्हॉल्व्हसुद्धा जागेवर, आणि मागचा पुठ्ठा काढून बघितला तर स्पीकरच्या जागी नुसतं भोक, हे खूप जणांच्या बाबतीत होतं. कारण सरळ आहे, रेडिओ बंद पडला की घरातला कोणीतरी पहिल्यांदा स्पीकर काढून टेपला नाहीतर अँप्लिफायरला लावायचा, बाकीचा सांगाडा माळ्यावर जायचा. मर्फी, बुश, फिलिप्स, एचएमव्ही, नॅशनल एको, टेलेरॅड, सगळ्यांची हीच गत. आणि मर्फी तर आपल्या ठाण्यातच बनायचे, त्यामुळे महाराष्ट्रात हे सेट अजूनही बऱ्यापैकी सापडतात.

असा सेट बघून लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर आतलं सगळं उपटून ब्लूटूथचा डबा बनवतात, जे मला अजिबात पटत नाही, कारण बाकीचा रेडिओ नव्वद टक्के चांगला असतो आणि तो परत गाऊ शकतो. नाहीतर दुकानातून मिळेल तो आठ ओहमचा स्पीकर आणून लोंबणाऱ्या दोन वायरींना जोडतात आणि प्लग लावतात. हे दुसरं तर धोकादायक आहे, का ते पुढे सांगतो. हा लेख नवीन लोकांसाठी आहे, मल्टिमीटर धरता येतो आणि सोल्डरचा डाग नीट देता येतो एवढं येत असेल तर पुरे.

सगळ्यात आधी: प्लग लावू नका

स्पीकर नसलेला व्हॉल्व्ह रेडिओ "व्हॉल्व्ह पेटतात का तेवढं बघू" म्हणून सुद्धा चालू करायचा नाही. ट्रान्झिस्टर सेटला स्पीकर नसला तर बहुतेक वेळा नुसता आवाज येत नाही, एवढंच. व्हॉल्व्हचं तसं नाही. इथे शेवटचा जो आउटपुट व्हॉल्व्ह असतो, समजा ईएल ८४, त्याच्या अॅनोडला (करंट जिथे पोहोचतो तो आतला पत्रा, पिन ७) २५० व्होल्टचा सप्लाय थेट मिळत नाही, तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगमधून मिळतो. आणि तो ट्रान्सफॉर्मर कित्येक सेटमध्ये स्पीकरच्या फ्रेमवरच बसवलेला असायचा, म्हणजे स्पीकर गेला तेव्हा ट्रान्सफॉर्मरपण गेला. आता चालू केलं तर अॅनोडला व्होल्टेज शून्य, पण स्क्रीन ग्रिडला (अॅनोडच्या आतली तारेची जाळी, पिन ९) पूर्ण सप्लाय. अॅनोडकडे जाणारा सगळा करंट त्या बारीक स्क्रीन ग्रिडच्या तारेवर येतो, ती दोन वॅटची तार लालबुंद होते आणि चांगला व्हॉल्व्ह थोड्या वेळात कायमचा जातो. अंधारात बघितलं तर ती लाल रेष काचेतून दिसते सुद्धा.

ट्रान्सफॉर्मर चासीवर आहे आणि फक्त स्पीकर नाही, अशा केसमध्ये वेगळा धोका. सेकंडरीला, म्हणजे स्पीकरकडच्या वाइंडिंगला, लोड (स्पीकर) नसताना आवाज वाढवला की प्रायमरीवर सप्लायच्या कितीतरी पट व्होल्टेजचे झटके तयार होतात आणि जुन्या वाइंडिंगचं इन्शुलेशन फुटतं. तेव्हा लोड बसेपर्यंत सेट थंडच ठेवायचा.

थंड म्हणजे सुद्धा पूर्ण थंड नाही हां, आधी कोणी प्लग लावून बघितला असेल तर मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर चार्ज धरून बसलेले असतात. १० किलोओहम ५ वॅटचा एक रेझिस्टर घ्या, त्याला दोन इन्शुलेटेड वायरी लावा, एक टोक कंडेन्सरच्या निगेटिव्हला, दुसरं पॉझिटिव्हला, दहा सेकंद धरा, मग मीटरने व्होल्टेज शून्य झालंय का बघा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची जुनी सवय सोडा, त्याने कंडेन्सर पण खराब होतो आणि डोळ्यात पण उडू शकतं.

आपला सेट कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० असे "ई" ने सुरू होणारे आणि चासीवर एक जाडजूड पॉवर ट्रान्सफॉर्मर, तर तो फक्त एसीवर चालणारा सेट, नवीन माणसाला हाच बरा. यूसीएच ४२, यूएल ४१, यूवाय ४१ असे "यू" वाले असतील, किंवा अमेरिकन सेटमध्ये ५०एल६, ३५झेड५ असे, आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर दिसत नसेल तर तो एसी-डीसी सेट. याची चासी थेट मेन्सच्या एका वायरला जोडलेली असते, म्हणजे प्लग उलटा बसला तर पूर्ण चासीला २३० व्होल्टची फेज. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला मेन्सपासून वेगळं करणारा) नसेल तर अशा सेटवर शिकायला बसू नका, आधी तो घ्या मग हात घाला. तिसरे बॅटरीवाले, डीके ९२, डीएल ९४ वगैरे, जे वीज नसलेल्या गावांत चालायचे, ते ९० व्होल्टवर चालतात आणि त्यांचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर वेगळा लागतो.

पुढे मी मुख्यतः ईएल ८४ वाला एसी सेट धरून सांगतोय, कारण पन्नाशीच्या शेवटी आणि साठच्या दशकातल्या आपल्याकडच्या टेबल मॉडेलमध्ये हा व्हॉल्व्ह भरपूर सापडतो.

लोंबणाऱ्या वायरी काय सांगतात

इथे घाई करू नका, अख्ख्या कामातली मोक्याची गोष्ट हीच आहे. स्पीकरच्या भोकाजवळ ज्या वायरी तुटलेल्या किंवा कापलेल्या लोंबतायत त्या चासीखाली कुठे जातात ते एकेक वायर धरून बघा आणि कागदावर काढा.

दोन वायरी असतील आणि त्या चासीवरच्या एका छोट्या ट्रान्सफॉर्मरला जात असतील, आणि दोन्हींमध्ये मीटर एक ओहमपेक्षाही कमी दाखवत असेल, तर नशीब चांगलं. तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर आहे, ती त्याची सेकंडरी आहे, आणि तुम्हाला फक्त स्पीकर हवाय. तेवढ्यात प्रायमरीपण मोजून घ्या, व्हॉल्व्हच्या अॅनोड पिनपासून सप्लायच्या कंडेन्सरच्या पॉझिटिव्हपर्यंत, तिथे काहीशे ओहम यायला हवेत, साधारण ३०० ते ६००. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्रायमरी ओपन आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर असून नसल्यासारखाच.

दोन वायरी आहेत पण एक जातेय ईएल ८४ च्या पिन ७ ला आणि दुसरी जातेय सप्लायच्या पॉझिटिव्हला, तर ट्रान्सफॉर्मर स्पीकरवर होता आणि तो गेलाय. या दोन वायरींवर २५० व्होल्ट डीसी असतं. सुरुवातीला जो आठ ओहमच्या स्पीकरचा प्रकार सांगितला तो नेमका याच वायरींवर होतो. स्पीकर जळत नाही, आवाज जेमतेम कुजबुजल्यासारखा येतो, माणसाला वाटतं कनेक्शन सैल आहे आणि तो स्पीकरच्या टर्मिनलला बोट लावून हलवून बघतो, तिथे पूर्ण हाय टेन्शन, म्हणजे तेच २५० व्होल्ट, बसलेलं असतं.

चार-पाच वायरी किंवा व्हॉल्व्हच्या बेससारखा गोल प्लग सॉकेट असेल तर बहुतेक तो फील्ड कॉइलवाला स्पीकर होता, तीसच्या दशकातल्या सेटमध्ये हे सर्रास असायचं. त्याचं खाली वेगळं सांगतो.

अजून एक गोष्ट बघा, बऱ्याच सेटच्या मागे एक्स्टेन्शन स्पीकरची दोन भोकं असतात. ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर ती भोकं बहुतेक सेकंडरीलाच जोडलेली असतात, वायर धरून तशी खात्री झाली तर घरातला कुठलाही चार ओहमचा स्पीकर तात्पुरता तिथे लावून पुढची टेस्टिंग करता येते, कॅबिनेटला हात न लावता.

ट्रान्सफॉर्मरचं गणित, घाबरायचं कारण नाही

व्हॉल्व्हला काही हजार ओहमचा लोड लागतो आणि स्पीकर असतो तीन, चार, पाच ओहमचा. मधला ट्रान्सफॉर्मर हे दोन जुळवून देतो. कुठल्या व्हॉल्व्हला किती, तर ईएल ८४ ला साधारण ५.२ किलोओहम, ६व्ही६ ला ५, ईएल ४१ आणि ईएल ३३ ला ७, यूएल ४१ ला ३, ५०एल६ ला २, आणि बॅटरीच्या डीएल ९४ ला १० किलोओहम. दहा-वीस टक्के इकडेतिकडे झालं तर कानाला कळत नाही.

टर्न्सचं, म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरीच्या वेढ्यांचं, प्रमाण काढायचं तर व्हॉल्व्हचा लोड भागिले स्पीकरचे ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ५२०० भागिले ४ म्हणजे १३००, वर्गमूळ ३६. म्हणजे ३६ ला १ चा ट्रान्सफॉर्मर हवा.

हाताशी एखादा जुना ट्रान्सफॉर्मर असेल आणि त्याचं प्रमाण माहीत नसेल तर मोजायचं असं: १२ व्होल्ट एसीचा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या, ते १२ व्होल्ट जास्त ओहमवाल्या बाजूला, म्हणजे प्रायमरीला द्या, आणि सेकंडरीवर किती येतं ते मोजा. समजा प्रायमरीवर १२.४ आले आणि सेकंडरीवर ०.३४, तर प्रमाण साडेछत्तीस, त्याचा वर्ग १३३० च्या आसपास, गुणिले ४ ओहम, म्हणजे ५.३ किलोओहम, एकदम फिट. मीटरला एसीची २ व्होल्टची रेंज हवी, स्वस्त मीटरमध्ये एसी २०० व्होल्टपासूनच सुरू होतो, त्यात हे नीट दिसणार नाही. आणि चुकूनही १२ व्होल्ट सेकंडरीला देऊ नका, दुसऱ्या बाजूला चारशेच्या वर व्होल्ट तयार होतात आणि तुम्ही ती टोकं हातात धरून बसलेले असता.

ट्रान्सफॉर्मर गेलाच असेल तर आणायचा कुठून. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली, इथे विचारलं तर कधीकधी जुना स्टॉक निघतो, पण सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे वाइंडिंगवाला गाठणे. छोटे ट्रान्सफॉर्मर बांधून देणारा माणूस प्रत्येक जिल्ह्याच्या गावाला असतो. त्याला "रेडिओचा आउटपुट" एवढंच सांगू नका, कागदावर लिहून द्या: सिंगल व्हॉल्व्हसाठी, प्रायमरी ५ किलोओहम, सेकंडरी ४ ओहम, ५ वॅट, प्रायमरीतून ५० मिलिअँपिअर डीसी सतत जाणार. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण डीसी जात असल्यामुळे कोअरला गॅप ठेवावी लागते, म्हणजे इंग्रजी ई आकाराच्या सगळ्या पत्त्या (स्टॅम्पिंग) एका बाजूला, आय आकाराच्या दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची पट्टी. नेहमीच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरसारखी एक आड एक पत्ती भरली तर कोअर डीसीनेच भरून जातो, मग खर्ज राहत नाही आणि आवाज चिरका येतो.

वाइंडिंगवाला नाही मिळाला तर एक जुगाड आहे जो मला मनापासून आवडतो. सभागृहात, शाळेत, देवळात लाउडस्पीकरच्या लाइनला १०० व्होल्टचे मॅचिंग ट्रान्सफॉर्मर असतात, पीए सिस्टिमच्या दुकानात मिळतात, त्यावर वॅटचे टॅप लिहिलेले असतात. हिशोब असा, १०,००० भागिले वॅट बरोबर ओहम. म्हणजे २ वॅटचा टॅप ५ किलोओहम, दीड वॅटचा साडेसहा किलोओहमच्या वर, ५ वॅटचा २ किलोओहम. फक्त त्यात गॅप नसते म्हणून अंगाने मोठा घ्या, १० वॅटच्या वरचा, आणि त्यातला आपल्याला हवा तो छोटा टॅप वापरा. खर्ज थोडा कमी मिळेल, पण बोलणं आणि गाणी स्वच्छ येतात. आणि नुसतं टेस्टिंग करायचं असेल तर २३० ला ९ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर ८ ओहमच्या स्पीकरबरोबर कागदावर ५.२ किलोओहमच्या जवळ जातो. प्रत्यक्षात थोडा कमी भरतो, कारण त्याच्या सेकंडरीला वेढे जास्त घातलेले असतात, पण सेट जिवंत आहे का हे कळायला पुरेसं आहे.

फील्ड कॉइलवाला सेट असेल तर

पूर्वी स्पीकरमध्ये कायमचं चुंबक नसायचं, एक मोठी कॉइल असायची, तिच्यातून सेटचाच डीसी करंट जायचा आणि ती चुंबक बनायची, आणि तीच कॉइल पॉवर सप्लायमधल्या चोकचं (डीसीतली गुणगुण गाळणाऱ्या कॉइलचं) कामही करायची. म्हणजे असा स्पीकर गायब असेल तर रेक्टिफायरपासून (एसीचा डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हपासून) पुढे सप्लायच जात नाही. आजचा साधा स्पीकर लावायचा तर त्या कॉइलच्या जागी काहीतरी द्यायला लागतं. त्या मॉडेलचं सर्किट शोधा, कॉइल किती ओहमची होती ते त्यात लिहिलेलं असतं, बहुतेक हजार ते अडीच हजारच्या मध्ये. समजा १५०० ओहम आणि सेटचा करंट ६० मिलिअँपिअर, तर तिच्यावर ९० व्होल्ट पडायचे आणि साडेपाच वॅट उष्णता व्हायची. एक ५ ते १० हेन्रीचा चोक घ्या, त्याचा रेझिस्टन्स मोजा, आणि १५०० ला जेवढे कमी पडतात तेवढ्या ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर त्याच्या सिरीजमध्ये लावा, १५ वॅटचा, आणि चासीपासून जरा उंच ठेवा कारण तो चांगलाच तापतो. नुसती वायर टाकून कॉइलची जागा जोडून टाकली तर पुढच्या प्रत्येक व्हॉल्व्हला ९० व्होल्ट जास्त जातील आणि हम (मेन्सची गुणगुण) एवढा येईल की स्टेशन ऐकू येणार नाही. काही सेटमध्ये कॉइल निगेटिव्हच्या बाजूला असते आणि तिच्या टॅपवरून आउटपुट व्हॉल्व्हचं बायस (ग्रिडला लागणारं निगेटिव्ह व्होल्टेज) घेतलेलं असतं, तिथे टॅपसुद्धा तसाच्या तसा रेझिस्टरने बनवायला लागतो. पहिल्याच रेडिओला असा सेट मिळाला तर तो बाजूला ठेवा आणि एखादा साधा सेट आधी करा.

स्पीकर निवडताना वॅट बघू नका

ईएल ८४ रेडिओत तीन-चार वॅट देतो, बाकीचे व्हॉल्व्ह साधारण तेवढेच किंवा त्याहून कमी. पन्नास वॅटचा कारचा स्पीकर आणून काही फायदा नाही, उलट तोटा आहे. त्याचा कोन जड, कडेला रबर, तो हलवायलाच आपली अर्धी ताकद जाते आणि रेडिओ मेल्यासारखा वाजतो. आपल्याला हवा कागदी कोनचा, कडेलासुद्धा कागदाच्याच घड्या असलेला, हलका स्पीकर. हाताने टिचकी मारली की टप्प असा कोरडा आवाज येतो तो. पाच ते दहा वॅट लिहिलेलं असेल तर पुष्कळ. जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीतले, टू-इन-वनमधले स्पीकर यासाठी उत्तम, भंगारात पडलेले असतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारात दुसऱ्या मेलेल्या रेडिओचा स्पीकर ट्रान्सफॉर्मरसकट मिळाला तर त्यासारखं काही नाही.

ओहमचं सांगायचं तर त्या काळचे बरेच स्पीकर तीन ते पाच ओहमचे असायचे, म्हणून चारचा घ्या. मीटरवर चारचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो आणि आठचा साडेसहा-सात, त्यामुळे लेबल पुसलेलं असेल तरी कळतं. आठचे दोन मिळाले आणि जागा असेल तर दोन्ही पॅरललमध्ये जोडले की चार होतात, फक्त दोघांचे कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. ते बघायला दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला क्षणभर टेकवा, कोन पुढे सरकला की सेलची पॉझिटिव्ह बाजू जिथे होती ते प्लस. एकच स्पीकर असेल तरी ही सेलची टेस्ट करा, खट्ट असा आवाज आला म्हणजे कॉइल जिवंत. मग कोनाच्या मध्यभागाच्या दोन बाजूंना दोन बोटं ठेवून अगदी हलकं सरळ दाबा, आत खरखर लागली तर कॉइल घासतेय, तो घेऊ नका.

एक युरोपियन अपवाद लक्षात ठेवा. पन्नाशीच्या शेवटच्या काही फिलिप्स सेटमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच नसायचा, त्यात ८०० ओहमचे खास स्पीकर असायचे. तुमच्या सेटमध्ये दोन ईएल ८६ दिसले तर तो तसाच आहे का ते सर्किट बघून खात्री करा, तिथे चार ओहमचा स्पीकर थेट लावायचा नाही.

माप घेताना भोकाचा व्यास, चार स्क्रूंमधलं अंतर आणि खोली, तिन्ही घ्या. खोली लोक विसरतात. आजच्या स्पीकरचं काळं फेराइट चुंबक रुंद आणि जाड असतं, आणि चासी आत सरकवली की ते डायलच्या दोरीच्या चाकाला नाहीतर एखाद्या व्हॉल्व्हला टेकतं.

प्रत्यक्ष बसवणं

स्क्रूची भोकं जुळली नाहीत तर रेडिओच्या मूळ फळीला नवी भोकं पाडू नका, ४ किंवा ६ मिलिमीटर प्लायची एक रिंग कापा, ती जुन्या बोल्टांवर बसवा आणि स्पीकर रिंगवर. उद्या कोणाला मूळ स्पीकर मिळाला तर त्याला जागा तशीच मिळेल. रिंग कापायचं, घासायचं काम स्पीकरपासून लांब करा, कारण लोखंडाचा कीस चुंबकाच्या फटीत एकदा गेला की निघत नाही.

स्क्रू आवळताना कोनावर जाड पुठ्ठा धरा. चुंबक स्क्रूड्रायव्हरला अचानक खेचतं आणि त्याचं टोक कागदातून आरपार जातं, नव्या स्पीकरला पहिल्या पाच मिनिटांत भोक पडतं ते असंच. चारही नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आलटून पालटून थोडे थोडे आवळा, एकाच कोपऱ्यात जोर लावला तर पत्र्याची फ्रेम पीळ खाते आणि कॉइल घासायला लागते. फळी आणि स्पीकरमध्ये नमद्याची किंवा पातळ फोमची पट्टी द्या. समोरचं कापड मळलेलं असेल तर आत्ताच काढून साफ करा, पण जुनं कापड जोरात घासलं तर विरतं.

ट्रान्सफॉर्मर पूर्वी स्पीकरवर होता तरी नवा चासीवर बसवला तर बरं, म्हणजे हाय टेन्शनच्या वायरी कॅबिनेटमध्ये फिरत नाहीत, स्पीकरकडे फक्त सेकंडरीच्या दोन निरुपद्रवी वायरी जातात. पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब आणि त्याला काटकोनात बसवा, नाहीतर हम उचलतो. प्रायमरीचं एक टोक पिन ७ ला, दुसरं सप्लायच्या पॉझिटिव्हला, चांगल्या इन्शुलेशनच्या ६०० व्होल्टच्या वायरने, प्रत्येक डागावर स्लीव्ह. एसी सेटमध्ये सेकंडरीची एक बाजू चासीला जोडा, म्हणजे कधी आत प्रायमरीचं इन्शुलेशन गेलं तरी स्पीकरवर व्होल्टेज येणार नाही. एसी-डीसी सेटमध्ये मात्र हे करू नका, तिथे चासीच लाइव्ह असते, सेकंडरी आणि स्पीकरची फ्रेम दोन्ही चासीपासून वेगळी राहू द्या.

चालू करायच्या आधी अजून एक कंडेन्सर बदला म्हणजे बदलाच. आधीच्या व्हॉल्व्हकडून ईएल ८४ च्या पिन २ ला (ग्रिडला) येणारा कपलिंग कंडेन्सर, मेणाचा किंवा काळ्या डांबराचा, बहुतेक ०.०१ मायक्रोफॅरडचा. तो जुना झाला की गळतो, ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं आणि व्हॉल्व्ह आणि नवीन ट्रान्सफॉर्मर दोन्ही तापून जातात. ६३० व्होल्टचा पॉलिस्टर पाच-दहा रुपयांत मिळतो.

पहिल्यांदा चालू करताना

सिरीज बोर्डवर लावा, म्हणजे मेन्स आणि सेटच्या मध्ये सिरीजमध्ये एक बल्ब, १०० वॅटचा पिवळा फिलामेंटचा बल्ब, नसेल तर ६० चा, एलईडी चालत नाही. मीटरची काळी वायर क्लिपने चासीला आधीच लावून ठेवा, म्हणजे एकच हात वापरायचा आणि दुसरा खिशात. बल्ब सुरुवातीला भक्क पेटून मग मंद झाला पाहिजे. भक्क राहिला तर लगेच बंद, कुठेतरी शॉर्ट आहे. मंद झाला, अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्ह पेटले, स्पीकरमधून हलकीशी गुणगुण आली, तर बल्ब काढून थेट सप्लाय द्या आणि लगेच मोजा. पिन ९ ला साधारण २२० ते २५०, पिन ७ ला त्याहून दहा-पंचवीस व्होल्ट कमी, पिन ३ ला ६ ते ८, आणि पिन २ ला शून्य. पिन ७ ला काहीच नसेल तर बंद करा, प्रायमरी ओपन आहे. पिन २ ला दोन-तीन व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले तर कपलिंग कंडेन्सर गळतोय नाहीतर व्हॉल्व्हच गॅसी आहे, म्हणजे त्याच्या आत गॅस झालाय.

चालू केल्याकेल्या स्पीकर कर्कश किंचाळला आणि व्हॉल्यूम कमी करूनही थांबला नाही, तर घाबरू नका, स्पीकर चांगला आहे. त्या सेटमध्ये सेकंडरीवरून मागे फीडबॅक घेतलेला आहे (आउटपुटचा थोडा भाग आधीच्या व्हॉल्व्हकडे परत जातो) आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला गेलाय. बंद करा, कंडेन्सर रिकामे करा, प्रायमरीच्या दोन वायरी अदलाबदल करा, किंचाळणं जातं.

आता मीडियम वेव्हवर या. जुन्या डायलवर मीटर लिहिलेले असतात, तर तीन लाखाला किलोहर्ट्झने भागायचं, पुण्याचं ७९२ म्हणजे डायलवर ३७९ च्या जवळ, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ म्हणजे ५३८ जवळ. खिडकीतून पाच-सहा मीटर साधी वायर बाहेर सोडा आणि खोलीतले एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर बंद करा, त्यांचीच खरखर जास्त असते. निवेदकाचा आवाज छातीतून आल्यासारखा भरीव लागला की लोड बरोबर जुळलाय. आवाज पातळ आणि मोठ्या व्हॉल्यूमला फाटतोय, तर कोअर भरतोय किंवा ओहम जुळत नाहीयेत, परत प्रमाण मोजा.

पहिला एक तास सेटजवळ बसूनच ऐका. मग बंद करून, प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करून आउटपुट ट्रान्सफॉर्मरला हात लावा, कोमट असला तर ठीक, बोट ठेववत नसेल तर करंट जास्त जातोय. हम जास्त वाटत असेल तर मेन फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक बदला, ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट, पण ईझेड ८० रेक्टिफायर असेल तर पहिला कंडेन्सर ५० च्या वर नेऊ नका, व्हॉल्व्हला झेपत नाही. स्पीकरच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा, ट्रान्सफॉर्मर किती किलोओहमचा, स्पीकर किती ओहमचा, कोणती वायर कुठे, म्हणजे पुढे जो कोणी उघडेल त्याला परत शून्यापासून शोधायला नको. मागचा पुठ्ठा परत लावा, त्याची हवेची भोकं मोकळी ठेवा, आणि एसी-डीसी सेट असेल तर नॉबच्या स्क्रूवर मेणाचा थेंब टाकायला विसरू नका, कारण तो छोटासा स्क्रूसुद्धा चासीइतकाच लाइव्ह असतो.